देणगीदार भिंतीवरून उतरला

तेव्हा देणगीदार भिंतीवर असायचा. तैलचित्रात, पगडी घालून, खाली नाव आणि साल. पुण्यात शिकताना आम्ही त्याच्याकडे आदरानं बघायचो असं काही नाही. व्याख्यान लांबलं की त्याच्या मिशा न्याहाळायचो.

गोखले राज्यशास्त्र व अर्थशास्त्र संस्थेचंच बघा. साताऱ्याचे वकील रावबहादूर रा. रा. काळे यांनी भारत सेवक समाजाला देणगी दिली आणि 1930 साली संस्था उभी राहिली. धनंजयराव गाडगीळ पहिले संचालक, ते थेट 1966 पर्यंत. पुढं काळ्यांच्या नावानं व्याख्यान सुरू झालं. 29 जानेवारी 1939 रोजी ते द्यायला डॉ. आंबेडकर आले आणि 1935 च्या भारत सरकार कायद्यातल्या संघराज्याच्या योजनेची त्यांनी पार चिरफाड केली. नाव काळ्यांचं, मत वक्त्याचं. मुंबईत टाटा-बिर्लांनी 1944 मध्ये देशासाठी आर्थिक योजना मांडली, तर विल्सन कॉलेजात हयात घालवलेले प्रा. पी. ए. वाडिया सहलेखकासह तिच्यावर टीकेचं पुस्तक लिहून मोकळे झाले.

सगळं सोन्याचं होतं असं नव्हे. वर्गात मोजक्या घरांतलीच मुलं, आणि डोक्यावर गोरं सरकार. उद्योगांचा पैसाही नवा नाही. माटुंग्याचं यूडीसीटी, म्हणजे मुंबई विद्यापीठाचा रसायन तंत्रज्ञान विभाग, 1933 साली निघालं तेच गिरण्या आणि रंगांच्या धंद्याची गरज ओळखून. त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही, मलाही वाटत नाही.

आता खाजगी विद्यापीठात कुलपती किंवा अध्यक्ष प्रायोजक संस्थाच नेमते. देणगीदार भिंतीवरून उतरून खुर्चीत बसला. उद्योगपतींच्या पैशावर उभ्या राहिलेल्या सोनीपतच्या अशोका विद्यापीठातून मार्च 2021 मध्ये राज्यशास्त्राचे अभ्यासक प्रताप भानू मेहता बाहेर पडले. आपण इथं असणं विद्यापीठाला राजकीय ओझं वाटतंय, हे संस्थापकांच्या भेटीत स्पष्ट झाल्याचं त्यांनी राजीनाम्यात लिहिलं. पाठोपाठ अर्थतज्ज्ञ अरविंद सुब्रमण्यनही गेले. 2023 मध्ये तिथलेच अर्थशास्त्राचे प्राध्यापक सब्यसाची दास यांच्या निवडणुकांवरच्या शोधनिबंधावरून गदारोळ झाला. विद्यापीठानं अंग काढून घेतलं, दासांनी राजीनामा दिला. त्या वेळी ते रजा घेऊन शिकवत होते पुण्यात, काळ्यांच्या देणगीवर उभ्या राहिलेल्या त्याच संस्थेत.

माझ्या मते फरक दानतीचा नाही. काळ्यांनी पैसे दिले, विषय संपला. आजच्या देणगीदाराच्या कंपन्या असतात, परवाने असतात, दिल्लीत अडकलेल्या फायली असतात. निबंध प्राध्यापकाचा, पण फोन देणगीदाराला येतो. हुकूम सोडायची वेळ तर क्वचितच येते. अकरा महिन्यांच्या करारावरचा तरुण प्राध्यापक विषय ठरवतानाच अंदाज घेतो: निवडणुका नकोत, खाणी नकोत, बँकांची बुडीत कर्जं तर नकोतच. मग ऑनलाइन ग्राहकांच्या सवयींवर आणखी एक निबंध तयार होतो, आणि त्याचा करार वाढतो.