खारीचा वाटा आणि सापळ्याचा कायदा

मराठीत वाढलेल्या माणसाला खार निसर्गात भेटण्याआधी भाषेत भेटते. सेतूसाठी वाळूचे कण वाहणारी इवली खार, तिच्या पाठीवर उमटलेली रामाची बोटे आणि त्या कथेतून आलेला ‘खारीचा वाटा’ हा वाक्प्रचार. एवढे सामान बरोबर घेऊन मी इंग्लंडात राहायला आलो. घराच्या पोटमाळ्यावर करड्या खारीने बिऱ्हाड थाटल्याचे कळले तेव्हा म्हणूनच आधी कौतुक वाटले. विजेच्या तारांचे आवरण कुरतडलेले दिसल्यावर कौतुकाची जागा काळजीने घेतली. तिला पकडून दूरच्या रानात सोडावे, असा सरळ तोडगा मनात आला. आणि कायदा उघडल्यावर कळले की इथे नेमका तोच गुन्हा आहे.

करडी खार मूळची उत्तर अमेरिकेतली. इ.स. १८७६ मध्ये चेशरमधल्या हेन्बरी पार्कात ती सोडल्याची नोंद आहे. जमीनदारांच्या बागांची शोभा म्हणून आलेला हा प्राणी पुढे झाडांच्या साली सोलू लागला आणि इथल्या मूळच्या तांबड्या खारीला हुसकू लागला. करडी खार स्वतः सहसा ज्याने आजारी पडत नाही, त्या देवीसदृश विषाणूने तांबडी मरते. १९३७ साली करडी खार आयात करण्यावर व पाळण्यावर बंदी आली. १९५०च्या दशकात सरकारने शेपटीमागे एक शिलिंग, पुढे दोन शिलिंग इनाम दिले. इनाम बंद झाले, खारी राहिल्या.

आजचा नियम असा: करडी खार मारण्यास किंवा पिंजऱ्यात पकडण्यास परवाना लागत नाही, मात्र पकडलेली खार पुन्हा मोकळी सोडता येत नाही. पूर्वी त्यासाठी परवाना मिळू शकत असे. डिसेंबर २०१९ मध्ये परकीय आक्रमक प्रजातींविषयीचा आदेश अमलात आला आणि ती वाटही बुजली. पिंजरा दिवसातून किमान एकदा तपासावा, तांबडी खार सापडली तर तिला तत्काळ सोडावे, करडीला मारायचे तर विनाक्लेश मारावे. २०१० साली बर्टन येथील न्यायालयाने पकडलेली खार पाण्यात बुडवून मारणाऱ्या एका गृहस्थास प्राणिकल्याण कायद्याखाली दोषी ठरवले होते. म्हणजे कायद्याच्या लेखी ती जगण्यास पात्र नाही, पण यातनांपासून संरक्षणास पात्र आहे. पिंजऱ्याचे दार पडताच ती आपल्या ताब्यातला जीव ठरते, आणि त्या क्षणापासून आपण तिच्या वेदनेचे उत्तरदायी असतो.

‘परकीय’ आणि ‘आक्रमक’ ही विशेषणे वाचताना माझ्यासारख्या स्थलांतरितास आपले पारपत्र आठवणे स्वाभाविक आहे. रूपक आयतेच हाती येते. साहित्याच्या अभ्यासकाला असा मोह अधिकच होतो. परंतु मला ते रूपक अप्रामाणिक वाटते. करड्या खारीमुळे तांबडी मरते ही कल्पना नव्हे, वस्तुस्थिती आहे. माझ्या व्यथेसाठी खारीला प्रतीक करायचे, तर त्या मरणाकडे डोळेझाक करावी लागेल. उलट, कायद्याच्या विशेषणांत दडलेली एक गोष्ट मात्र नोंदवलीच पाहिजे: ‘आक्रमक’ या शब्दातून १८७६ साली पिंजरा उघडणारा हात गायब होतो. खार स्वतःहून अटलांटिक ओलांडून आली नव्हती.

मी पिंजरा लावला नाही. पकडणे आणि मारणे यांत कायद्याने अंतरच ठेवलेले नाही, तेव्हा पकडणाऱ्याने आधी मारण्याची तयारी करावी. ती माझी नव्हती. पोटमाळ्यात पिल्ले होती. ती मोठी होऊन बाहेर पडेपर्यंत मी थांबलो, आत कोणी उरले नाही याची खात्री केली, तारा बदलून घेतल्या आणि छपराच्या कडेचे भोक जाळीने बंद केले. ही करुणा होती असा माझा दावा नाही. त्या खारी आता कुणाच्या तरी रानात साली सोलत असतील, आणि त्या हानीत माझाही वाटा आहे. तो खारीचा म्हणावा इतका लहान आहे की नाही, हे मला ठरवता आलेले नाही.