निळ्या कापडाचे खिसे

आमच्या शाळेत आठवी ते दहावीच्या प्रत्येक वर्गात स्टीलचं एक कपाट आहे. त्याच्या दाराला आतल्या बाजूने निळ्या कापडाचा पडदा टांगलाय. पडद्यावर शिवलेले ४८ खिसे आणि प्रत्येक खिशावर पांढऱ्या ऑइलपेंटने हजेरी क्रमांक. कापड गणवेशाचंच, उरलेल्या ताग्यातलं. रोह्याच्या बाजारपेठेतल्या शिंप्याने ते शिवून दिलं, अंक चित्रकलेच्या सरांनी घातले. परिपाठ संपला की मुलं रांगेने येतात, फोन बंद करून आपापल्या खिशात ठेवतात आणि वर्गशिक्षक कुलूप लावतात. शेवटच्या तासाची घंटा झाली की कुलूप उघडतं. सुरुवातीला ह्या सगळ्याला दहा मिनिटं जायची, आता तीन पुरतात.

मी सव्वीस वर्षं माध्यमिक शाळेत गणित आणि विज्ञान शिकवते. आधी पेणच्या खारेपाटात होते, नंतर रोहा तालुक्यात आले. सध्या पर्यवेक्षिका आहे, त्यामुळे शिस्तीचं प्रत्येक प्रकरण माझ्या टेबलावर येतं आणि त्यातली निम्मी तरी मोबाइलची असतात. लोक हा विषय काढतात तो 'बंदी हवी की नको' असा. मला मात्र सुरुवात थोडी मागे जाऊन करावी लागते, कारण मुलांच्या हातात फोन कसा आला हे मी विसरलेले नाही. तो आम्हीच दिला.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. श्रीवर्धन, म्हसळा, माणगाव, रोहा, सगळीकडे कौलं उडाली, नारळी-पोफळी झोपल्या, विजेचे खांब आडवे झाले, मोबाइलचे टॉवर बंद पडले. कित्येक वाड्यांवर पुढचे अनेक दिवस वीज नव्हती. आणि त्याच जूनमध्ये 'शाळा बंद, पण शिक्षण सुरू' हे राज्याचं घोषवाक्य आमच्यापर्यंत पोचलं. ज्यांच्या घरावर ताडपत्री होती त्या पालकांना मी फोन करत होते आणि सांगत होते, "स्मार्टफोन घ्या, नाहीतर पोरगं मागे पडेल." ऐकणाऱ्यांनी ऐकलं. कुणी बोकड विकला, कुणी भाताचे पैसे मोडले, कुणी मुंबईतल्या भावाचा जुना फोन मागून आणला. रेंज मिळावी म्हणून पोरं डोंगराच्या धारेवर जाऊन बसायची. ग्रामीण भागात पाचवीपासूनचे वर्ग ४ ऑक्टोबर २०२१ ला पुन्हा भरले, तोवर दीड वर्ष तो फोन हीच शाळा होती. मुलं वर्गात परत आली ती फोन घेऊनच आली आणि आम्ही पहिल्याच आठवड्यात ओरडायला लागलो, 'फोन आणायचा नाही.'

त्या ओरडण्यात माझ्या हातून एक चूक झाली. तिचं ओझं अजून उतरलेलं नाही. २०२४ च्या श्रावणात नववीतल्या एका मुलाला मी तासाला रील बघताना पकडलं. फोन काढून घेतला आणि पालकांना आणल्याशिवाय मिळणार नाही म्हणून कार्यालयाच्या कपाटात ठेवला. मुलगा घरी बोललाच नाही. पाचव्या दिवशी त्याची आई आली, मासळीची रिकामी पाटी बाहेर पायरीवर ठेवून. म्हणाली, "मॅडम, पोराला काय शिक्षा करायची ती करा. पन फोन द्या. बँकेत आधार जोडायचाय, नंबर त्याच्यावरच येतो." तीन दिवस ती बँकेत जाऊन ओटीपीविना परत येत होती. लाडकी बहीण योजनेचे पैसे खात्यात यायचे म्हणून तालुकाभरच्या बायका तेव्हा बँकेच्या दारात रांगा लावून उभ्या होत्या. त्या घरात तो एकच फोन होता. मी मुलाचा फोन काढून घेतलाय असं समजत होते. प्रत्यक्षात मी एका घराचं बँकखातं, कामाचा निरोप आणि दवाखान्याचा नंबर कुलपात घातला होता.

त्या दिवसापासून आमच्याकडे फोन जप्त होत नाही, जमा होतो. जमा केलेला फोन संध्याकाळी पाचला परत मिळतोच, अपराध कितीही मोठा असो. दिल्ली उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये विद्यार्थ्यांच्या स्मार्टफोनबद्दल मार्गदर्शक तत्त्वं दिली, त्यातही रोख हाच आहे: सरसकट बंदी नको, वापरावर नियंत्रण हवं, आणि सोय असेल तिथे शाळेने फोन जमा करून घ्यावेत. ते वाचून मला धीर आला.

पण जमा तरी का करायचे? मुलं हे विचारतात आणि त्यांना खरं उत्तर मिळायला हवं.

पेणमध्ये होते तेव्हा माझ्या वर्गातली अर्धी मुलं हमरापूर-जोह्याकडच्या गणपतीच्या कारखान्यांत हात चालवणारी होती. गणितात कच्चा असलेला एक मुलगा आखणीला बसायचा. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढणं, कारखान्यातलं सगळ्यात जोखमीचं काम. आषाढात एकदा मी मुद्दाम बघायला गेले. शेडमध्ये रंगाचा वास, पत्र्यावर पाऊस, पाटावर पांढऱ्या तोंडांच्या मूर्ती ओळीने. तो पोरगा श्वास रोखून भुवईची रेघ ओढत होता. रेघ पुरी झाली की श्वास सोडायचा, मूर्ती सरकवायचा, पुढची घ्यायचा. तास-दीड तास त्याने मान वर केली नाही. मालकांनी आखणीवाल्यांचे फोन लांब फळीवर ठेवायला लावले होते. मी विचारलं तर म्हणाले, "वाजला की हात हलतो. हात हलला की देवाची नजर गेली." हाच मुलगा माझ्या तासाला प्रमेयाच्या तिसऱ्या पायरीला हरवायचा. चित्त त्याच्यापाशी भरपूर होतं. कारखान्यात ते राखायची व्यवस्था होती, माझ्या वर्गात नव्हती.

फोन नुसता जवळ असला तरी डोक्याची काही ताकद त्याच्यामागे खर्ची पडते, असा निष्कर्ष टेक्सास विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ मध्ये मांडला. फोन दुसऱ्या खोलीत ठेवलेल्यांनी चाचणीत टेबलावर ठेवलेल्यांपेक्षा बरी कामगिरी केली, आणि टेबलावरचे फोनही वाजत नव्हते. नंतरच्या काही प्रयोगांत हा परिणाम इतका ठळक दिसला नाही, हेही सांगायला हवं. मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो २०१५ चा इंग्लंडमधला अभ्यास. चार शहरांतल्या ९१ शाळा पाहिल्या तेव्हा असं दिसलं की फोनवर निर्बंध आल्यावर गुण वाढले ते मुख्यतः मागे असलेल्या मुलांचे. हुशार मुलांना फारसा फरक पडला नाही. आमच्या वर्गात पुढच्या बाकावरची चार मुलं फोन असो-नसो शिकणारच आहेत. माझी काळजी मागच्या तीन बाकांची आहे. त्यांच्या घरी शिकवणी नाही, अभ्यास घ्यायला कुणी नाही. वर्गातला तास हीच त्यांची सगळी मिळकत.

तरीही आमच्या शाळेत नियम झाला तो गुणांमुळे नाही. स्नेहसंमेलनाच्या तालमीत एका मुलीचा ओढणी सावरतानाचा फोटो कुणीतरी काढला, त्यावर गाणं घातलं आणि संध्याकाळपर्यंत तो तीन गावांत फिरला. फोटोत तसं काहीही नव्हतं. पण ती मुलगी बारा दिवस शाळेत आली नाही आणि घरात तिच्या लग्नाचं बोलणं सुरू झालं. मी आणि तिच्या वर्गशिक्षिका दोन वेळा घरी गेलो. वडील खाली मान घालून एवढंच म्हणाले, "शाळेत पाठवलं होतं ना आम्ही?" ह्या प्रश्नावर माझ्यापाशी उत्तर नव्हतं. शाळेच्या आवारात मुलीला निर्धास्त वावरता येणं ही आमची जबाबदारी, आणि प्रत्येक खिशात कॅमेरा असताना ती पार पाडता येत नाही. ती मुलगी परत आली, दहावी झाली. बाकीच्या मुलींना मी आता दरवर्षी जूनमध्येच सांगते की असं काही झालं तर आधी मला सांगा, आणि मुलांच्या हेल्पलाइनचा १०९८ आणि सायबर गुन्ह्यांसाठीचा १९३० हे दोन नंबर त्यांच्याकडून वहीच्या पहिल्या पानावर लिहून घेते.

नियम करायचा ठरला तेव्हा पालकसभा बोलावली. मला वाटलं होतं, पालक टाळ्या वाजवतील. उलट आया उठल्या. आमच्या मुली लांबच्या वाड्यांवरून एसटीने येतात. अहिल्याबाई होळकर योजनेतून त्यांना पास मोफत आहे, पण पास असून गाडी येईलच असं नाही. संध्याकाळची गाडी रद्द झाली तर मुलगी स्टँडवर अंधारात उभी, आणि घरी कळायला मार्ग नाही. कुंडलिकेला पूर आला की मधला रस्ता बंद. एक आजी म्हणाली, "फोन काढा खुशाल, मग पोरगी कुठं हाय ते तुम्ही सांगा." ती बरोबरच बोलत होती.

म्हणून पडदे शिवायच्या आधी आम्ही दुसरी कामं केली. शाळेसाठी साधा बटणांचा फोन घेतला. तो दिवसभर फाटकाजवळच्या सेवकमामांकडे असतो आणि त्याचा नंबर प्रत्येक पालकाकडे आहे. निरोप आला की मामा वहीत वेळ लिहितात आणि वर्गात चिठ्ठी पाठवतात. पाचनंतर मुलं त्याच फोनवरून घरी बोलतात, गाडी चुकलेल्यांची नोंद होते, आणि शेवटची मुलगी गाडीत बसेपर्यंत एक शिक्षक थांबतो. अतिवृष्टीत जिल्हाधिकाऱ्यांचा सुट्टीचा आदेश आला की तो मुलांच्या ग्रुपवर न टाकता आम्ही प्रत्येक वाडीतल्या दोन पालकांना फोन करून कळवतो.

सगळ्यात अवघड गेलं ते गृहपाठाचं. लॉकडाउनमध्ये लागलेली सवय आम्हा शिक्षकांनाच सुटत नव्हती. तास संपताना 'बाकीचं ग्रुपवर टाकतो' म्हणायचं आणि रात्री नऊला दहा प्रश्नांचा फोटो पाठवायचा. मुलाने फोन हातात घेतला की प्रश्न दोन मिनिटांत बघून होतात, आणि फोन अकरापर्यंत हातात राहतो. 'असर' ह्या शिक्षणविषयक सर्वेक्षणाच्या २०२४ च्या अहवालात ग्रामीण भारतातल्या १४ ते १६ वयाच्या मुलांबद्दल आकडे आहेत. स्मार्टफोन वापरता येणाऱ्यांपैकी आदल्या आठवड्यात ५७ टक्क्यांनी तो अभ्यासासाठी वापरला होता आणि ७६ टक्क्यांनी समाजमाध्यमांसाठी. अभ्यासाच्या नावाने ते दार आम्हीच उघडून देत होतो. आता गृहपाठ फळ्यावर लिहिला जातो आणि वहीत उतरतो. मुलांचे ग्रुप बंद केले. दोन सहकारी आठवडाभर माझ्याशी बोलत नव्हते.

मग पडदे आले. पहिल्या महिन्यात मुलांनी वाटा काढल्या. बंद पडलेला जुना फोन खिशात ठेवायचा आणि चालू फोन दप्तरात, हा सगळ्यात लोकप्रिय. मी दप्तरं तपासू दिली नाहीत. वर्गात वाजला तर तो पुढे आणून खिशात ठेवायचा, बाकी काही नाही. आधी अर्ध्याहून जास्त खिसे भरायचे. हळूहळू मुलं फोन घरीच ठेवू लागली, कारण सबंध दिवस कपाटात पडून राहणाऱ्या फोनला सांभाळण्यात त्यांना अर्थ वाटेना. आज दहावीच्या पडद्यात पाच-सहाच खिसे फुगलेले दिसतात.

बदल मला आधी ऐकू आला. मधल्या सुट्टीत शाळा गोंगाट करायला लागली. त्याआधीची तीन वर्षं व्हरांड्यात पोरं भिंतीला टेकून, माना खाली घालून बसायची आणि शिपायांच्या झाडूचाही आवाज ऐकू यायचा. आता डबा अर्धवट टाकून मुलं मैदानात पळतात. कबड्डी तर आमच्या भागाच्या रक्तातच आहे, चुना मिळाला नाही तर चपलेच्या टोकाने मातीत रेघ मारतात. मुलींनी आधी लगोरी काढली, मग स्वतःचा कबड्डीचा संघ. गुडघे फुटतात, भांडणं माझ्यापर्यंत येतात. आयोडीनच्या बाटल्या आम्हाला जास्त आणाव्या लागतात आणि मला त्याचा आनंद आहे.

ह्या नियमाने सगळं साधलं असं मी म्हणणार नाही. बर्मिंगहॅम विद्यापीठाने २०२५ मध्ये ३० शाळांचा अभ्यास प्रसिद्ध केला. फोनला मज्जाव करणाऱ्या आणि न करणाऱ्या शाळांतल्या मुलांच्या मनःस्वास्थ्यात फरक आढळला नाही, आणि दिवसभरातला एकूण वापरही जवळजवळ तेवढाच निघाला. शाळेत वाचलेला वेळ मुलं घरी भरून काढतात. मला हे माझ्या वर्गात रोज सकाळी दिसतं, पहिल्या तासाला पेंगणाऱ्या डोळ्यांत. घरचा वापर आवरणं एकट्या शाळेच्या आवाक्यातलं नाही. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांच्या वडगावने ते गाव म्हणून केलं. २०२२ च्या स्वातंत्र्यदिनापासून तिथे संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि साडेआठपर्यंत घरोघरी टीव्ही-मोबाइल बंद. पोरं अभ्यासाला बसतात आणि मोठ्यांचेही फोन बाजूला असतात. हे शेवटचं मला फार मोलाचं वाटतं. आमच्या तालुक्यातल्या एका वाडीत मी हा विषय दोनदा काढलाय. बायकांना पटलंय, पुरुष विचार करतायत. मी पुन्हा जाणार आहे.

मुलांचा एक प्रश्न मात्र वर्षभर माझ्या मागे होता. दहावीतल्या मुलीने भर वर्गात विचारला: "मॅडम, तुमच्या पर्समध्ये का असतो मग?" पोषण आहाराची रोजची नोंद फोनवर, हजेरी फोनवर, सरल ह्या सरकारी पोर्टलची माहिती फोनवर, वरून येणारा प्रत्येक आदेश फोनवर, ही सगळी कारणं खरी आहेत. पण तास चालू असताना माझा फोन थरथरला की माझंही लक्ष जातं, आणि ते गेलेलं मुलांना दिसतं. आंध्र प्रदेशाने २०२३ मध्ये शिक्षकांनाही वर्गात फोन नेऊ न देण्याचा आदेश काढला तेव्हा मला तो जाचक वाटला होता. आता वाटत नाही.

दसऱ्याच्या सुमारास, रोह्याच्या ग्रामदैवताची, धावीर महाराजांची पालखी निघायच्या आदल्या दिवशी मी पुन्हा त्याच शिंप्याकडे गेले. शिक्षकखोलीसाठी पडदा शिवायला टाकलाय, २२ खिशांचा. नोंदीची कामं ज्यांच्याकडे आहेत त्यांनी ती मधल्या सुट्टीआधी उरकायची आणि फोन परत खिशात ठेवायचा, असं बैठकीत ठरलं. तिघांची अजून नाराजी आहे. दिवाळीची सुट्टी संपली की पडदा लागेल. शिंप्याने माप लिहून घेताना विचारलं, "मॅडम, ह्यावर नंबरच घालायचे?" मी म्हटलं, नंबर नकोत, नावं घाला, आणि पहिल्या खिशावर माझं लिहून दिलं.