छतावरचे जळमट

“ताई, छताला जळमट लोंबते आहे, काढ ना,” धाकटा भाऊ अंथरुणातूनच म्हणाला. छत स्वच्छ होते. जळमट त्याच्या उजव्या डोळ्यात होते. संध्याकाळपर्यंत त्या डोळ्यापुढे तांबूस काळोख पसरला. ही २००८ सालच्या हिवाळ्यातली, इंदूरच्या आमच्या घरातली गोष्ट. तो तेव्हा चोवीस वर्षांचा. इजा नाही, वेदना नाही. बाहेरून पाहावे तर डोळा शुभ्र, निरोगी.

आईने गुलाबपाणी घातले, आजीने दृष्ट काढली. दीड-दोन महिन्यांत तो पडदा आपोआप विरला आणि आम्ही त्यालाच बरे होणे समजलो. ही चूक सर्वस्वी आमची.

दिवाळीत काळोख पुन्हा उतरला, तेव्हा कोठे नेत्रतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी निदान केले, ईल्सचा आजार. यात दृष्टिपटलाच्या कडेच्या नीला सुजतात, बंद पडतात. रक्तावाचून तळमळणारा तो भाग नव्या वाहिन्या उगवू लागतो. त्या इतक्या नाजूक, की फुटून डोळ्यातल्या पारदर्शक द्रवात रक्त सांडते. सांडलेले रक्त शरीर हळूहळू शोषून घेते, पण मूळ दुखणे तसेच राहते.

हेन्री ईल्स यांनी १८८० साली बर्मिंगहॅममध्ये अशा तरुण रुग्णांची नोंद केली. त्यांचा संशय बद्धकोष्ठावर होता! (आमच्या आजीला हे फार पटले असते.) आज संशय आहे तो क्षयाच्या जंतूंविरुद्ध शरीराच्याच तीव्र प्रतिक्रियेवर, आपल्या भारतीय उपखंडात हा आजार अधिक आढळतो, तोही बहुधा तरुण पुरुषांत.

‘क्षय’ हा शब्द ऐकताच आई मटकन बसली. भावाची सोयरीक ठरत आली होती. छातीचे चित्र निर्दोष निघाले, तरी “मुलीकडे बोलू नका” असे वडिलांनी बजावले. भावाने मात्र स्वतः जाऊन सारे सांगितले. ते स्थळ मोडले. वडील महिनाभर त्याच्याशी बोलले नाहीत.

डॉक्टरांनी आग्रहाने डावा डोळाही तपासला. त्याची काहीच तक्रार नव्हती, तरी कडेला तोच विकार सुरू झालेला! तिथे वेळेवर लेसरचे उपचार झाले. उजव्यात मात्र व्रणाने दृष्टिपटल ओढले गेले होते. शस्त्रक्रियेनेही थोडीच दृष्टी परतली.

आजही सकाळच्या चहापूर्वी तो एकेक डोळा झाकून भिंतीवरची दिनदर्शिका वाचतो. डाव्याने बारीक अक्षरातली तिथीसुद्धा दिसते. उजव्याने फक्त तारीख.