पडद्यामागचं वाढप

एलसीडीच्या पडद्याला स्वतःचा उजेड नसतो. मागून आलेला पांढरा उजेड अडवायचा, गाळायचा आणि उरेल तो पुढे सोडायचा, एवढंच त्याला जमतं. पोलरायझर निम्म्याहून जास्त खातो. रंगांच्या गाळण्या उरलेल्यातला जवळजवळ दोन-तृतीयांश. लेसर मुळातच एकरंगी, बहुधा ध्रुवितही. ही नासाडी बघून त्याचा मोह पडतोच.

पण बारीकशी शलाका अख्ख्या पडद्यावर पसरायची कशी? तिथे होलोग्राम लागतो. काचेत कडेने शिरलेला प्रकाश आतल्या आत आपटत पुढे जातो आणि काचेवरची काही मायक्रॉन जाडीची फोटोपॉलिमर फिल्म त्याला जागोजागी थोडा थोडा बाहेर वळवते. सगळं कसब या ‘थोडा थोडा’मध्ये आहे. पंगतीत वाढप्याने पहिल्याच पानांवर हात सैल सोडला, तर शेवटच्या पानाला बासुंदी उरत नाही. दहा टप्पे असतील तर पहिल्याने एक-दशांश काढावा, दुसऱ्याने उरलेल्याचा एक-नवमांश, शेवटच्याने असेल तो सगळा. शिवाय पक्की होताना फिल्म किंचित आकसते, कोन सरकतो. तो सरकणार हे धरूनच फिल्मवर होलोग्रामची नोंदणी करायची; किती, हे पुस्तकापेक्षा हातातली फिल्म सांगते.

नोंदणीच्या वेळी लहरींच्या ज्या शिस्तीसाठी टेबलाची थरथरही सोसत नाही, तीच शिस्त बघताना डोळ्यांना खुपते. पडद्यावर बारीक रवाळ चकाकी उठते, तिला स्पेकल म्हणतात. डोकं हलवलं की रवे सरकतात. उणे नंबरवाल्याने चष्मा काढला तर उलट दिशेला, अधिक नंबरवाल्याला त्याच दिशेला. (आमच्याकडे नवीन माणसाचा नंबर असा फुकटात कळतो.) उपाय म्हणजे डिफ्यूझर हलवत ठेवणं किंवा किंचित वेगळ्या तरंगलांबीचे लेसर मिसळणं. पण फार मिसळले, तर होलोग्राम काहींना भलत्याच कोनात धाडतो.

२०१२च्या रेक. २०२० या टीव्हीच्या मानकाने ६३०, ५३२ आणि ४६७ नॅनोमीटरचे शुद्ध रंग ठरवून दिले, तेव्हापासून तिन्ही रंगांसाठी लेसरच हवेत हा आग्रह वाढला. मला तो टीव्हीसाठी पटत नाही. त्याच वर्षी मित्सुबिशीने फक्त लाल लेसर घेऊन बाकीचं काम निळसर-हिरव्या एलईडीवर सोपवलं, ते जास्त शहाणपणाचं होतं. इतक्या शुद्ध रंगांतून जुळवलेला पांढरा एकाला गुलाबी दिसतो, दुसऱ्याला हिरवट, आणि मोजमापाचं यंत्र दोघांपैकी कुणाचीच बाजू घेत नाही. खरा होलोग्राफिक व्हिडिओ दाखवायचा असेल, तर गोष्ट निराळी. तिथे लहरींची शिस्त हीच प्रतिमा, मग रवे सोसावेच लागतात.