तीन भीमसेन

माझ्या एमपीथ्री प्लेअरमध्ये भीमसेन तीन आहेत: एक 'पं. भीमसेन जोशी', एक 'पंडित भीमसेन जोशी' आणि एक नुसतेच 'भीमसेन जोशी'. नखाएवढ्या कार्डात मैफलीच्या मैफली मावतात. पण ते यंत्र पाटीवरचं नाव वाचतं, गळा ओळखत नाही. म्हणून रविवारची दुपार मी नावं लावण्यात घालवतो.

गीतरामायणाची तऱ्हा निराळी. १९५५ साली पुणे आकाशवाणीवरून सुरू झालेली ती ५६ गीतं कथेच्या ओघाने ऐकायची. वर्णानुक्रमाने लावली, की रामजन्माआधीच सीता वनवासाला निघते! नुसते आकडे घातले तर १ च्या पाठीला १० येऊन बसतो. मग ०१, ०२ असं शून्याचं कुंकू लावून सगळी ओळीत उभी करायची.

ख्यालापाशी मात्र रकानेच अपुरे पडतात. एमपीथ्रीच्या शेपटाला चिकटलेली, गाण्याची माहिती सांगणारी जुनी आयडीथ्री चिठ्ठी १२८ बाइटची. तिच्या मूळच्या संगीतप्रकारांच्या यादीत पोल्का आहे, डेथ मेटल आहे. ख्याल, ठुमरी, नाट्यगीत यांचा पत्ता नाही. रागाला रकाना नाही, मग वेळेला कुठला असणार? शेवटी प्रहरांचेच फोल्डर केले. ललित पहाटेच्या, तोडी सकाळच्या, मुलतानी दुपार कलतानाच्या, मालकंस उत्तररात्रीच्या. भैरवीने तेवढं अडवलं: शास्त्राने ती सकाळची, रिवाजाने शेवटची. तिला वेगळं ठेवलं. शफलवर ती पहिलीच लागली, तर चप्पल शोधून घरी निघावंसं वाटतं.

१९०२ साली कलकत्त्यात गौहर जान ध्वनिमुद्रणासाठी गायल्या. तबकड्या छापल्या जायच्या दूर जर्मनीत, हॅनोव्हरला. तिथल्या अनोळखी कारागिराला कळावं म्हणून गाणं संपताच त्या आपलं नाव इंग्रजीत पुकारत. ती चिठ्ठी गाण्यातच होती; कुणाला पुसता आली नाही.

साथीदारांना ती सोय कुठली? कलाकाराच्या रकान्यात एकट्या गायकाचं नाव बसतं. तबला कुणाचा, पेटी कुणाची, हे कॅसेटच्या वेष्टनावर बारीक अक्षरात असायचं. मी ते शेऱ्याच्या रकान्यात उतरवून घेतो. माझ्या प्लेअरच्या पडद्यावर तो रकाना दिसत नाही. तरी लिहितो. फाइल उद्या दुसऱ्या कुणाच्या हाती गेली, तर ठेका धरणाऱ्याचं नावही तिच्यासोबत जाईल.