बुधवारचा सरवा

अमेरिकेतल्या एखाद्या छोट्या गावात राहिला असाल, तर चर्चबाहेरचा तो पांढरा फलक तुम्ही पाहिला असेल. वर रविवारच्या उपासनेची वेळ, आणि खाली बारीक अक्षरांत आणखी एक ओळ: बुधवारी सहा वाजता सूप, साडेसहाला बायबल स्टडी, सर्वांचं स्वागत. आपण मराठी माणसं ती ओळ वाचतो आणि पुढे जातो. रविवार त्यांचा, तसा बुधवारही त्यांचाच, असं धरून चालतो. गेली दोन वर्षं मी त्या खालच्या ओळीची नेमाची गिऱ्हाईक आहे. तिथे नेमकं काय चालतं, ते तुम्हाला सांगावं असं बरेच दिवस मनात होतं.

आधी माझ्याबद्दल. मी नगरची, म्हणजे आताच्या अहिल्यानगरची. पीएचडी पुण्यात केली आणि सध्या पश्चिम मॅसॅच्युसेट्समध्ये मातीतल्या सूक्ष्मजीवांवर पोस्टडॉक करते आहे. मी ख्रिस्ती नाही. आमचं घर वारकरी. आजोबांचं गाव नेवाशाजवळ, जिथे ज्ञानेश्वरी सांगितली गेली, त्यामुळे दर वर्षीचा सप्ताह आणि पारायण यांत मी वाढले. मी बुधवारी चर्चमध्ये जाते हे कळल्यावर मावशी फोनवर म्हणाली, "अगं, बाटवतील तुला!" तुमच्याही मनात हा प्रश्न आला असेल. त्याचं उत्तर पुढे देते.

मी गेले ते सुपासाठी. इथे नोव्हेंबरात साडेचारला अंधार पडतो, लॅबमधले लोक पाचला आपापल्या घरी जातात, आणि जवळचं महाराष्ट्र मंडळ गाडीने दोन तासांवर. मंडळाचा गणपती आणि दिवाळी दणक्यात होते, पण त्या दोन कार्यक्रमांच्या मधले आठवडे आपले आपणच काढायचे असतात.

मधल्या आठवड्यांचा हा प्रश्न चर्चवाल्यांना फार पूर्वी पडला होता. रविवार ते रविवार हे अंतर माणसाला लांब पडतं, म्हणून मधला बुधवार. लहान गटांची पद्धत तर चक्क कर्जातून आली. १७४२ साली इंग्लंडमधल्या ब्रिस्टल गावी जॉन वेस्ली यांच्या मेथडिस्ट मंडळींवर इमारतीचं कर्ज होतं. प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यायची आणि साधारण बारा जणांमागे एकाने ती गोळा करायची, असं ठरलं. पेनी घ्यायला घरोघरी जाणाऱ्याला घराघरातली दुखणी, भांडणं, व्यसनंही कळू लागली. वेस्लींनी त्यातलं मर्म ओळखलं आणि त्या बारा जणांनाच दर आठवड्याला एकत्र बसवलं. त्याला नाव पडलं 'क्लास'. वर्गणीची भिशी व्हावी, तशी पेनीची ही बैठक झाली.

आमच्या वर्गात नऊ-दहा जण असतात. एक निवृत्त शिक्षिका वर्ग चालवतात. एक माजी दूधवाले शेतकरी, एक नर्स, एक विधुर आजोबा, दोन विद्यार्थी आणि मी. सूप पाळीपाळीने कुणीतरी करून आणतं, आणि माझ्यासाठी 'यात बीफ नाही' अशी चिठ्ठी भांड्यावर लावलेली असते. मग पुस्तकं उघडतात. प्रत्येकाने चार-पाच ओळी मोठ्याने वाचायच्या. प्रत्येकाचा अनुवाद वेगळा, कुणाचा १६११चा किंग जेम्स, कुणाचा अलीकडचा, आणि माझ्या फोनवर मराठी. शब्द जुळले नाहीत की थांबायचं. बाई तीनच प्रश्न विचारतात: इथे काय लिहिलं आहे, त्या काळच्या माणसाला त्याचा काय अर्थ लागला असेल, आणि आपल्याला काय लागतो? आमच्या सप्ताहात अर्थ कीर्तनकार सांगायचे आणि आम्ही माना डोलवायचो. त्याची गोडी वेगळी होती. पण दूधवाले आजोबा एखाद्या ओळीवर बोट ठेवून म्हणतात, "हे मला पटत नाही," आणि कुणी दचकत नाही, हे मला नवीन होतं.

गेल्या वसंतात आम्ही रूथचं पुस्तक वाचलं. चारच अध्याय, चार बुधवार. गोष्ट थोडक्यात अशी: दुष्काळामुळे बेथलेहेमची नामी नवरा आणि दोन मुलांसह मवाब देशात जाते. मुलं तिथल्याच मुलींशी लग्नं करतात. पुढे नवरा जातो, मुलंही जातात. नामी परत निघते तेव्हा एक सून माहेरी फिरते. दुसरी, रूथ, सासूबरोबर परक्या देशात येते आणि सातूच्या कापणीत शेतात पडलेलं धान्य वेचून दोघींचं पोट भरते.

इंग्रजीत या वेचण्याला जो शब्द आहे, तो वर्गातल्या बहुतेकांना पुस्तकातूनच ठाऊक होता. माझ्या फोनवर शब्द होता 'सरवा'. तुमच्यापैकी कुणाचं बालपण गावाकडे गेलं असेल, तर वेगळं सांगायला नको. ज्वारीची काढणी झाली, पेंढ्या उचलल्या, की मागे पडलेली कणसं वेचायला बायका शेतात शिरायच्या. भुईमूग उपटून झाला की मातीत राहिलेल्या शेंगा उकरायच्या. पण नियम पक्का होता. पेंढ्या हलल्याशिवाय सरवेवाल्यांनी रानात पाऊल टाकायचं नाही. आजी रानात उभी राहून तेवढं बघायची आणि मग पाठ फिरवायची.

हे मी वर्गात सांगितलं, तेव्हा त्या प्रसंगाचा रंगच बदलला. शेताचा मालक बवाज गड्यांना सांगतो, की हिला पेंढ्यांच्या मधेसुद्धा वेचू द्या, वर पेंढ्यांतली थोडी ताटं मुद्दाम खाली टाका. आमच्या रानाच्या हिशोबाने ही फार मोठी सूट आहे. शिवाय तो तिच्या हातावर दान ठेवत नाही. ती संध्याकाळपर्यंत राबते, सातू झोडपून काढते आणि एफाभर, म्हणजे साधारण वीस-बावीस लिटर मापाचे दाणे घरी नेते. दूधवाले आजोबा बराच वेळ गप्प होते. चर्चच्या तळघरातून गरजूंना धान्याच्या पिशव्या दिल्या जातात, ते काम त्यांच्याकडे आहे. ते म्हणाले, "आपण भरलेली पिशवी हातात देतो. लोक खाली मान घालून घेतात." पुढच्या महिन्यापासून तिथे फळ्या लावल्या आणि लोकांनी फिरून आपापलं निवडून घ्यावं, असं सुरू झालं. नेवाशाचा सरवा मॅसॅच्युसेट्सच्या तळघरात पोचला, याचं मला आजही नवल वाटतं.

आता मावशीचा प्रश्न. दुसऱ्या एका गावातल्या गटात मी एकदाच गेले होते. तिथे पहिल्याच दिवशी तारणाबद्दल विचारलं, आणि नंतर रोज मेसेज येऊ लागले. मी परत गेले नाही. या वर्गात मी पहिल्या महिन्यातच सांगून टाकलं, की मी वाचायला येते, चर्चा करते, पण प्रार्थनेच्या वेळी नुसती बसेन. बाई म्हणाल्या, "मग आमच्याबरोबर बस." विधुर आजोबांनी मात्र एकदा सरळ विचारलं, मी येशूचा विचार केला आहे का. मी म्हटलं, विचार करते, पण माझा विठोबा माझ्याजवळ आहे. त्यांना वाईट वाटलं, हे दिसलं. त्यांच्या श्रद्धेनुसार ते माझ्या भल्याचंच मागत होते, आणि माझ्या श्रद्धेनुसार मला त्याची गरज नव्हती. हा पेच सुटलेला नाही. आम्ही दोघं तरीही शेजारी बसतो.

या प्रांताचं आणि माझ्या गावाचं नातं जुनं आहे. १८०६च्या ऑगस्टमध्ये इथून जवळच्या विल्यम्सटाउनला कॉलेजातली पाच पोरं प्रार्थनेला जमली होती. वादळ आलं म्हणून ती गवताच्या गंजीआड बसली आणि परदेशी मिशनची कल्पना तिथे रुजली. त्याच कॉलेजात शिकलेले गॉर्डन हॉल १८१३ साली मुंबईत उतरले. त्या अमेरिकन मराठी मिशनने पुढे नगरला ठाणं केलं, १८४२मध्ये तिथे 'ज्ञानोदय' सुरू केलं. मिस फरार यांची मुलींची शाळा जोतिराव फुल्यांनी पाहिली तीही नगरलाच. त्या मंडळींनी धर्मांतरं केली, त्यावरून घरं तुटली, आणि शाळाही निघाल्या. यातलं एक घेऊन दुसरं विसरणं मला जमत नाही. पुण्याहून नगरला जाताना गाडी दौंडआधी केडगावला लागते. तिथे पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून, साध्या बायकांना कळेल अशा मराठीत अख्खं बायबल उतरवलं. त्यांच्या निधनानंतर, १९२४ साली, ते प्रसिद्ध झालं. इथे फोनवर मराठी वाचताना त्यांची आठवण येतेच.

रूथच्या शेवटच्या बुधवारी सगळे खूश होते. रूथचं बवाजशी लग्न होतं, मुलगा होतो, आणि ती पुढे दावीद राजाची पणजी ठरते. मी विचारलं, "रूथच्या आईचं काय झालं?" पहिल्या अध्यायात नामी सुनांना आपापल्या आईच्या घरी जा म्हणते. म्हणजे मवाबात एक आई होती. तिला निरोप गेला का? नातू झाल्याचं कळलं का? पुस्तकात त्यावर एक अक्षर नाही. वर्गात कुणी उत्तर दिलं नाही. नर्सने डोळे पुसले. तिची मुलगी ऑस्ट्रेलियात असते.

माझ्या प्रश्नामागे कारण होतं. त्याच जानेवारीत आईची अँजिओप्लास्टी झाली. माझ्या प्रकल्पाचा निधी संपत आला होता, आणि भारतात गेले तर नव्या व्हिसा शिक्क्याविना परतता येणार नव्हतं. मी गेले नाही. वर्गाच्या शेवटी प्रत्येक जण आपला आनंद आणि काळजी सांगतो आणि बाई वहीत लिहून घेतात. त्यांनी लिहिलं: 'आई, अहमदनगर'. उच्चार फार वाईट होता. पण पुढच्या बुधवारी पहिला प्रश्न तोच होता, आणि त्याच्या पुढच्याही. वही मिटेपर्यंत त्यांच्या लक्षात राहतं, एवढंच मला हवं होतं. त्यांची प्रार्थना कुठे पोचली ते मला ठाऊक नाही. आईला मात्र मी सांगितलं, की इथे आठ-नऊ जण दर बुधवारी तुझी चौकशी करतात. ती म्हणाली, "त्यांना सांग, आता जिना चढते म्हणावं." मी सांगितलं. वहीत त्या नोंदीपुढे बरोबरची खूण झाली.

माझा करार येत्या ऑगस्टला संपतो. पुण्यात एका जागेसाठी अर्ज केला आहे, इथेही दोन ठिकाणी केले आहेत. कुठे जाईन ते सांगता येत नाही. पण जिथे जाईन तिथे आठवड्याचा एक दिवस धरून ठेवायचा, हे ठरवलं आहे. ज्ञानेश्वरी घ्या, तुकोबांची गाथा घ्या, नाहीतर साधी कथा घ्या. आठ-दहाच माणसं हवीत, सूप नाहीतर खिचडी हवी, आणि 'हे मला पटत नाही' म्हणायची मुभा हवी. एक वहीसुद्धा ठेवा. कोण आलं नाही, हे कुणाच्या तरी लक्षात यायला हवं. आणि तुमच्या गावातला तो पांढरा फलक दिसला, तर आत जायलाही हरकत नाही. आपण काय मानतो आणि काय मानत नाही, ते पहिल्याच महिन्यात सांगून टाका. त्यावर त्यांनी "मग आमच्याबरोबर बस" म्हटलं, तर बसा.