हँडिंग-टेकिंग ओव्हर: आमची स्कॉर्पिओ

मेरठला पोस्टिंग झालेल्या आणि दारात डिझेल गाडी असलेल्या प्रत्येक फौजीला एक तारीख पाठ असते, गाडीच्या नोंदणीची. मेरठ जिल्हा राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात मोडतो. एप्रिल २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने या क्षेत्रात दहा वर्षांहून जुन्या डिझेल गाड्यांना मनाई केली आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. आमची स्कॉर्पिओ जानेवारी २०१० ची. मी फेब्रुवारी २०१९ मध्ये इथे हजर झालो, तेव्हा तिच्याकडे अकरा महिने उरले होते.

गाडी घेतली तेव्हा मी देवळालीला तोफखाना स्कूलमध्ये होतो. स्कॉर्पिओ नाशिकच्याच कारखान्यात तयार होते, त्यामुळे आमच्या हिच्या माहेरच्यांच्या भाषेत ती ‘घरचीच पोर’. नंबर एमएच १५. पुढे माझं फील्ड आलं, कुटुंब देवळालीलाच राहिलं, मग पुणे, मग मेरठ. एवढ्या काळात गाडी १ लाख २६ हजार किलोमीटर चालली. त्यातले निम्म्याहून जास्त माझ्याशिवाय. हे वाक्य विकणाऱ्याने बोलू नये असं व्यापारी सांगतात, पण खरं तेच आहे. गाडी मुख्यतः आमच्या हिने चालवली आणि माझ्यापेक्षा चांगली चालवली.

गावाकडून धाकट्या भावाचा फोन आला. “दादा, विकतोस कशाला? आणून लाव की वाड्यात. महाराष्ट्रात पंधरा वर्षं चालते.” गोष्ट बरोबर होती. पण गावी ती चालवणार कोण? भावाकडे त्याची पिकअप आहे, आणि मी सुट्टीवर येणार वर्षातून दोनदा. उभी गाडी चालत्या गाडीपेक्षा लवकर संपते, हे मी एमटी पार्कमध्ये पुरेसं पाहिलंय. बॅटरी बसते, टायर एकाच जागी चपटे होतात, रबराचे पाइप तडकतात, उंदीर वायरिंग खातात. दहा वर्षं सांभाळलेली गाडी ताडपत्रीखाली मरायला ठेवायची मला इच्छा नव्हती.

सांभाळली म्हणजे काय, ते सांगतो. जुन्या गाडीच्या प्रत्येक जाहिरातीत ‘वेल मेंटेन्ड’ असतंच, त्यामुळे त्या शब्दाला आता काही किंमत राहिलेली नाही. फौजेत प्रत्येक गाडीची कार डायरी असते. गाडी कुठे गेली, किती चालली, किती तेल घेतलं, सगळं त्यात येतं, आणि डायरीशिवाय गाडी गेटबाहेर पडत नाही. तीच सवय मी घरी आणली. दोनशे पानी वही, रकाने चार: तारीख, किलोमीटर, डिझेल, काम. दर दहा हजाराला ऑइल आणि फिल्टर. ९१ हजाराला क्लच प्लेट. पुण्यात असताना एसीचा कॉम्प्रेसर नवा. २०१६ च्या अखेरीस चार नवे टायर. आणि वहीच्या आतल्या पुठ्ठ्यावर माझी एकच सूचना लाल शाईने: लांबून आल्यावर इंजिन लगेच बंद करायचं नाही, मिनिटभर तसंच चालू ठेवायचं. टर्बो त्या वेळी तापलेला आणि वेगात असतो. इंजिन बंद झालं की त्याच्या बेअरिंगला तेल मिळणं थांबतं. आमची लेक लहानपणी घराशी आल्यावर मोठ्याने साठ आकडे मोजायची, तेव्हा कुठे किल्ली फिरायची.

पहिला ग्राहक दिल्ली रोडवरचा जुन्या गाड्यांचा व्यापारी. येताना दोन माणसं घेऊन आला, सगळं बघितलं, दाराच्या रबराखाली बोट घालून वेल्डिंग तपासलं. माणूस जाणकार होता. आकडा सांगितला ३ लाख ४० हजार, रोख, आजच्या आज. दहाव्या वर्षाच्या तोंडावर एवढी किंमत मला अपेक्षित नव्हती. मग त्याने बॅगेतून कागद काढले. फॉर्म २९ आणि फॉर्म ३०, दोन्ही कोरे. “साहब, आप बस साइन कर दीजिए, नाम हम भर लेंगे.”

कोऱ्या फॉर्मवर सही करून गाडी दिली की ती तुमच्या दारातून जाते, पण सरकारी दप्तरात तुमचीच राहते. व्यापारी ती दुसऱ्याला देतो, दुसरा तिसऱ्याला, आणि शेवटचा माणूस नाव चढवण्याचा खर्च वाचवतो. माझा एक कोर्समेट फील्डला निघायच्या गडबडीत अशीच गाडी देऊन गेला होता. दीड वर्षाने त्याच्या घरच्या पत्त्यावर तिसऱ्याच राज्यातल्या अपघात दावा न्यायाधिकरणाची नोटीस आली. तो तेव्हा अशा जागी होता जिथे पत्र पोचायलाच तीन आठवडे लागायचे, आणि त्याच्या बायकोने वकील शोधला. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशाच एका हातोहात फिरलेल्या गाडीच्या प्रकरणात स्पष्ट सांगितलं की अपघाताच्या दिवशी ज्याच्या नावावर नोंद, तोच कायद्याने मालक आणि भरपाईची जबाबदारी त्याची. पैसे कधी घेतले, किल्ली कधी दिली, याला तिथे महत्त्व नाही. पोस्टिंगवर पोस्टिंग करणाऱ्या माणसाला हा धोका इतरांपेक्षा जास्त, कारण आपला पत्ता दर दोन-तीन वर्षांनी बदलतो आणि नोटीस मात्र जुन्याच पत्त्यावर येत राहते.

व्यापाऱ्याला मी म्हटलं, ज्याला देणार त्याला समोर आणा, सही त्याच्यासमोर करतो. तो हसला, चहा प्यायला आणि गेला. पुन्हा आला नाही.

दुसरा ग्राहक छावणीतल्याच एका जेसीओच्या ओळखीतून आला. गढवाल रायफल्समधून निवृत्त झालेले सुभेदार, राहणार कोटद्वारचे, मूळ गाव दुगड्ड्याच्या वर डोंगरात. पहाटेच्या बसने पुतण्याला घेऊन आले. मी बाहेर आलो तेव्हा ते गाडीजवळ उभे होते आणि तळहात बॉनेटवर ठेवलेला. “राम राम साहब. ठंडी है, अच्छा है.”

मला तिथेच माणूस कळला. विकणारा पुष्कळदा ग्राहक यायच्या आधी गाडी तापवून ठेवतो, कारण डिझेल इंजिनाचे अर्धे रोग थंड असताना बोलतात. तापल्यावर धूर कमी होतो, खडखड दबते. म्हणून त्या सकाळी मी किल्लीला हातसुद्धा लावला नव्हता. सुभेदार साहेबांनी स्वतः इंजिन सुरू केलं, पुतण्याला सायलेन्सरमागे उभं केलं, ऑइलचं झाकण उघडून बघितलं. टायरच्या कडेचे चार आकडे वाचले. ते असे वाचायचे: पहिले दोन म्हणजे वर्षातला आठवडा, नंतरचे दोन म्हणजे वर्ष. नक्षी खोल दिसते म्हणून टायर तरुण असतोच असं नाही. मग ते गवतावर चादर न टाकताच आडवे झाले आणि गाडीखाली सरकले. वय साठीच्या पुढचं.

ते बाहेर येईपर्यंत मी दोषांची यादी तयार ठेवली होती. युनिटमध्ये चार्ज देताना आपण कमतरता लिहून देतो, घेणारा मोजून घेतो आणि दोघांच्या सह्या होतात. गाडीला वेगळा नियम कशाला? मागचा उजवा दरवाजा पुण्यात पाण्याच्या टँकरने घासला होता, रंग दुसरा आहे. पुढच्या सस्पेन्शनचे बुश आणखी सात-आठ हजार किलोमीटर चालतील, मग बदलावे लागतील. मागच्या आडव्या बाकांपैकी डाव्याचा पट्टा अडकतो. पुतण्याचा चेहरा पडला. त्याला वाटलं, साहेब स्वतःच एवढं सांगतात म्हणजे आत अजून काहीतरी असणार. सुभेदार साहेब मात्र यादी वाचून म्हणाले, “दरवाजा मैंने देख लिया था. देख रहा था आप बताते हैं या नहीं.”

मग त्यांनी वही मागितली. चष्मा लावून एकेक पान. साधारण २०१२ पासून अक्षर बदलतं, आमच्या हिचं सुरू होतं. एका पानावर ते थांबले, कारण तिथे डिझेलही नव्हतं आणि कामही नव्हतं. मराठी देवनागरीत असल्याने त्यांना अर्धंमुर्धं वाचता आलं. नोव्हेंबर २०१४. ‘रात्री १.१० निघालो. आबा. कमांड हॉस्पिटल ३.३५.’ एवढंच.

दिवाळीला ही आणि लेक गावी, साताऱ्याकडे गेल्या होत्या आणि मी वरती बर्फात होतो. आबांच्या छातीत दुखायला लागलं. मधली सीट आडवी करून त्यांना झोपवलं, आई उशाशी, लेक पुढे. हिने एकटीने खंबाटकीच्या बोगद्यातून गाडी काढून पुण्याला नेली. मला निरोप मिळाला तिसऱ्या दिवशी, तोपर्यंत आबा उठून बसले होते. त्यानंतर ते तीन वर्षं जगले. मी गाडीबद्दल कोणाशी भावुक बोलत नाही, पण त्या रात्री माझ्या वाट्याचं काम कोणी केलं ते मला माहीत आहे. अर्धं हिने, अर्धं या गाडीने.

लेक आदल्या दिवशी म्हणाली होती की वही देताना ते पान फाडून घेऊया. हिने नाही म्हटलं. एक पान फाटलेलं दिसलं की घेणारा बाकीच्या दीडशे पानांवर शंका घेतो. मग लेकीने मोबाइलवर त्या पानाचा फोटो काढला आणि पान वहीतच राहिलं. मी सुभेदार साहेबांना थोडक्यात हकिगत सांगितली. ते म्हणाले, त्यांना गाडी त्यासाठीच हवी आहे. घरच्यांच्या गुडघ्यांचं दुखणं आहे, गावावरून कोटद्वारला उतरायचं तर शेअर जीपमध्ये दाटीवाटीने बसावं लागतं. त्यांच्याकडे ३ लाख होते. ३ लाख ५ हजारांवर आम्ही हात मिळवला. व्यापाऱ्यापेक्षा ३५ हजार कमी. उत्तराखंडचा रोड टॅक्सही त्यांनाच भरायचा होता, म्हणून मी पुढे ताणलं नाही. हिला विचारलं तर म्हणाली, “तुम्ही आकडा सांगायच्या आधीच मी चहाला साखर जास्त घातली होती.”

पुढचं काम कंटाळवाणं, पण ते इथे लिहितो, कारण निवृत्तीला आलेले बरेच जण हेच विचारतात. परराज्यात गाडी द्यायची तर एनओसी मूळ आरटीओची लागते, म्हणजे नाशिकची, आणि त्यावर कोणत्या आरटीओकडे गाडी जाणार तेही लिहिलेलं असतं. म्हणून घेणारा आधी ठरवा, एनओसी नंतर. चेसिस नंबरचा पेन्सिलने ठसा घेतला, कर्ज फिटल्याचा फॉर्म ३५ वेळेवर नोंदवलेला होता, चलन एकही बाकी नव्हतं. दिवाळीच्या सुट्टीत नाशिकला जाऊन फॉर्म २८ भरला. घेणाऱ्याने ३० दिवसांच्या आत नाव चढवायला अर्ज करायचा असतो. विम्याचा नो क्लेम बोनस गाडीबरोबर जात नाही, तो मालकाचा. माझा ५० टक्के होता, कंपनीकडून तसं पत्र घेतलं. फास्टॅग बंद केला. काचेवरचा छावणीचा पास आणि मागचं युनिटचं चिन्ह ब्लेडने खरवडून काढलं. पुतण्याला ते चिन्ह राहू द्यायला हवं होतं, टोलवर उपयोग होतो म्हणे. सुभेदार साहेबांनी त्याच्याकडे नुसतं बघितलं.

१६ नोव्हेंबर २०१९, शनिवार. पैसे बँकेतून आधीच आले होते. डिलिव्हरीच्या कागदावर मी तारखेबरोबर वेळही घातली, ११.२०. त्याच्या आधीचं चलन माझं, नंतरचं त्यांचं. दोन्ही किल्ल्या, जॅक, पाना, वही, बिलांची फाइल, दोषांची यादी, सगळं मोजून दिलं. त्यांनी यादीखाली सही करून नावाआधी आपला निवृत्तीच्या वेळचा हुद्दा आणि नंबर लिहिला. लेक कॉलेजला गेली होती, मुद्दाम. ही फाटकापर्यंत आली, पण गाडीला हळदकुंकू लावणं तिने टाळलं. ते नवीन मालकिणीने लावायचं, असं तिचं म्हणणं.

मवाना, बिजनौर, नजीबाबाद असा त्यांचा रस्ता. संध्याकाळी पोचल्याचा फोन आला. मग महिनाभर काहीच नाही, आणि मी दर रविवारी मोबाइलवर गाडीचा नंबर टाकून मालकाचं नाव बघत राहिलो. माणूस सोन्यासारखा असला तरी नाव चढेपर्यंत मी बघतच राहिलो असतो.

जानेवारीत, दहा वर्षं पुरी व्हायला नऊ दिवस असताना, व्हॉट्सॲपवर आरसी बुकाचा फोटो आला. कोटद्वारचा कोड मला ठाऊक नव्हता. यूके १५. नाशिकचा १५, मेरठच्या शेजाऱ्यांच्या गाड्याही यूपी १५, आणि आता हा. लेकीला दाखवला तर तिने गाडीच्या फोटोत दरवाजाचा रंग मोठा करून बघितला.

मी फोन केला. सुभेदार साहेब म्हणाले, बुश बदलून घेतले, पट्टाही दुरुस्त झाला, आणि पुतण्या आता इंजिन बंद करायच्या आधी गाडीत गप्प बसून राहतो. वहीची पाने मात्र संपत आली आहेत. मी म्हटलं, तशाच चार रकान्यांची दुसरी घ्या.

“ले ली साहब,” ते म्हणाले. “लाल स्याही वाला भी लिख दिया. हिंदी में.”